मोकळी सोडलेली पहिली ओळ

सन चौतीसला आमच्या गुंजवण्याच्या ओढ्यावर साकव बांधायचा ठरला, तेव्हा वर्गणीची यादी माझ्याकडं आली. अक्षर माझं बरं, आणि दुकान असल्यामुळं कोण किती देऊ शकतो आणि किती देतो यातला फरक मला पाठ. कुंडलिक पाटलांनी पंचवीस रुपये दिले आणि ते दिल्याचं निदान पन्नास जणांना सांगितलं.

वरच्या धनगरवाड्यावरची सोजराबाई एका दुपारी मिठाला आली. नवरा वारलेला, मेंढरं दिराच्या, बाजीच्या, ताब्यात. मीठ बांधून होईतो तिनं ओच्यातनं फडकं काढलं. आत माहेरच्या चांदीचे वाळे, गोठ आणि सरी.

"भोरला मोडा आन् साकवात घाला," ती म्हणाली. "नाव न्हाई घ्यायचं. बाजीला कळलं तर वाटणीत मला मेंढराचं शेपूटबी देणार न्हाई."

मी शब्द दिला. चांदीचे चाळीस रुपये आले. यादीत सगळ्यात वर आकडा लिहिला, नावाची जागा मोकळी ठेवली.

आमच्याकडची चाल अशी, की गावानं बांधलेली वस्तू आधी देणाऱ्यांनी वापरायची, ज्यानं जास्त दिलं तो पुढं. न देणारे शेवटी. चैत्रात साकव झाला. पाटील नवं पागोटं बांधून पुढं आले, यादी बघितली आणि पागोट्याखालचा चेहरा उतरला. चाळीसवाला कोण, म्हणून त्यांनी मला गोडीनं विचारलं, मग आवाज चढवून विचारलं, मग भैरोबाची आण घातली. बाजी तिथंच होता, भावजयीपासून चार हातांवर. ती एका कोकराच्या कानातली गोचीड काढत होती.

"नाव सांगा शेट, न्हाईतर यादी दुसऱ्याकडं द्या."

"यादी घ्या पाटील," मी म्हणालो. "नाव माझ्या मालकीचं न्हाई, ते कसं देऊ?"

आता हे स्वतःच पुढं होणार, असा माझा अंदाज. माणसांच्या हिशेबात एवढी मोठी चूक मी दुसरी केलेली नाही. पाटलांनी वहाणा काढल्या आणि ते वाटेतून बाजूला सरले.

"पयला मान त्यांचा. त्यास्नी जाऊ द्या."

आणि सगळा गाव रिकाम्या साकवाकडं बघत उभा राहिला. सगळ्यांच्या नजरा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हळूहळू सरकत गेल्या, जणू कुणी थकलेलं माणूस पलीकडं चाललंय. नजरा त्या काठाला पोचल्या तसे हात जोडले गेले. मागं सोजराबाईनंही पदर सावरून, वाकून हात जोडले होते.

मग पाटील गेले, मग यादीतले बाकीचे गेले. पलीकडून पाटलांनी टोमणा मारलाच, की फुकटवाल्यांनी आता यावं.

"मागनंच बरं पाटील," सोजराबाई मेंढरं हाकत म्हणाली. "फळी मोडायची तर तुमच्या वजनानं आदी मोडली असती."

गाव हसला. बाजीही हसला.

बेचाळीसला बाजी गेला. त्याआधीच वाटणी होऊन सोजराबाईला तिची मेंढरं मिळाली होती. मी मुद्दाम चढ चढून तिच्याकडं गेलो. आता भ्यायचं कारण उरलं नाही, दगडावर नाव कोरून घेऊ, म्हणालो. शेळीची धार काढता काढता तिनं मान हलवली.

"त्या दिशी समद्यांनी हात जोडलं, म्याबी जोडलं. मला वाटलं, खरंच कुनीतरी थोर मानूस गेलं. आता ते मीच हुते म्हून सांगू व्हय?" मग म्हणाली, "त्यापरीस मधली फळी हलतीया, ती बघा. शेळीचा पाय आडकतो."

दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन ओढ्यावर गेलो. वहाणा काठावरच काढल्या. खिळ्यांचे पैसे कुणाच्याच नावावर लिहिले नाहीत.