बिनआठवणीचे फोन

फोनच्या पाचच्या बटणावर तो बारीकसा उंचवटा असतो – तांदळाच्या कणीहूनही लहान – अंधारात, न बघता, खिशातल्या खिशात बोटाला कळावं की आपण मधोमध आहोत, एवढ्याचसाठी ठेवलेला. खिदिर अंगठा त्यावरून फिरवत होता. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. समोर काचेच्या कपाटावर निळ्या खोक्यांची चवड होती आणि दुकानाच्या उघड्या दारातून सुदानमधल्या मदनीच्या बाजाराची सकाळ आत येत होती… आलं घातलेल्या कॉफीचा वास, गाढवगाडीवरून पाणी विकणाऱ्याची हाळी, कोपऱ्यावरच्या जनरेटरची धडधड. हाळी आज जरा लवकर थांबली का? का आपल्यालाच तसं वाटलं?

सुलाफाची बस सहाला सुटली होती. आता ती पहिला नाका ओलांडून गेली असेल. मग दुसरा… नाही. तो विचार करायचा नाही असं त्याने पहाटेच, पोरीची पिशवी बसच्या टपावर चढवताना, स्वतःला बजावलं होतं. सेन्नारच्या दवाखान्यात परिचारिका कमी पडत होत्या, तिथे मावशीचं घर होतं, आणि बावीस वर्षांच्या मुलीला ‘जाऊ नकोस’ म्हणायला बापाकडे एक धड कारण असावं लागतं. भीती हे कारण नव्हतं. भीती सगळ्यांकडेच होती.

चार वर्षांपूर्वी मुजम्मिल याच दारात उभा होता. मुजम्मिल म्हणजे पोर्ट सुदानच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस, दर दोन महिन्यांनी नमुन्यांची पेटी घेऊन येणारा, बोलघेवडा. ‘उस्ता, खरं सांग,’ तो म्हणाला होता, ‘लहान, साधे, स्वस्त फोन. याला गिऱ्हाईक आहे का?’ आणि खिदिर खो-खो हसला होता. ‘आहे ना! माझी आई. पण ती गेल्या वर्षी वारली.’ मुजम्मिलही हसला होता. तेव्हा सगळ्यांना मोठा पडदा हवा होता, चांगला कॅमेरा हवा होता, लग्नातला जल्लोष आणि चौकातल्या घोषणा सगळं साठवून ठेवायला भरपूर जागा हवी होती. आठवणी जेवढ्या जास्त तेवढा फोन भारी…

मग तो रमजान आला, राजधानीत तोफा सुरू झाल्या, आणि दोन-तीन महिन्यांतच लोक दुकानात येऊन खाली मान घालून विचारू लागले – साधा आहे का? बटणांचा? खिदिरने आधी त्याचा वेगळा अर्थ लावला होता. वीज नसते, याची बॅटरी आठवडाभर टिकते. चोरीला गेला तरी जीव हळहळत नाही. किती शहाणपणाची कारणं! भीतीला माणूस आधी दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने हाक मारतो. पण मग गिऱ्हाईकं एकच प्रश्न विचारायला लागली. बँकेतला कारकून, लुगड्यासारखा नवा तोब नेसलेली नवी नवरी, कांद्याचा व्यापारी, सगळे एकच – ‘यात फोटो राहत नाहीत ना?’ आणि खिदिर सांगू लागला, ‘यात काहीच राहत नाही.’ हे तो इतक्या वेळा बोलला होता की आता ते वाक्य त्याच्या तोंडात दुवेसारखं बसलं होतं.

नाक्यावरचे बंदूकवाले फोन उघडून बघत. कुणाचा नाका हे हल्ली कुणी विचारत नसे. एका नाक्यावर ज्या फोटोमुळे सलाम मिळे, त्याच फोटोमुळे पुढच्या नाक्यावर माणूस उतरवला जाई. एखाद्याचा चुलतभाऊ गणवेशात, एखादीची मैत्रीण मोर्चात… म्हणून काहीच नसलेला फोन बरा.

आज सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सिर्र-अल-खतिम मास्तर. गणित शिकवायचे. शाळा बंद होऊन आता आठ महिने झाले होते, पण सदऱ्याच्या खिशाला पेन अजून होतं.

‘याला अक्कल किती आहे रे?’ फोन उलटासुलटा करत त्यांनी विचारलं.

‘अजिबात नाही, मास्तर.’

‘वा! म्हणजे माझ्या आठवीच्या वर्गासारखा. सांगितलं तेवढं ऐकायचं आणि लक्षात काही ठेवायचं नाही.’ ते हसले, मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून हळूच म्हणाले, ‘तीस वर्षं पोरांना ‘लक्षात ठेवा’ म्हणून मारलं, खिदिर. आता विसरायचे पैसे देतोय.’

गदारिफला चालले होते. कायमचे का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खिदिरनेही विचारलं नाही. बाजारात कुणीच ते विचारत नव्हतं. आपलं दुकान ही आता एक वेस झाली आहे, असं त्याला वाटून गेलं. जाणारा इथे थांबतो, काहीतरी हातात घेतो आणि परत दिसत नाही.

…परवा दुपारी सुलाफा अंगणातल्या खाटेवर बसून आपला मोठा फोन रिकामा करत होती. एकेक फोटो बघायची, अंगठ्याने पुसायची. तो शेजारी बसून चहात बुडवून बिस्किट खात होता, मुद्दाम पडद्याकडे न बघता. पण दिसलंच. चौकातल्या धरण्यातली गर्दी, गालांवर झेंड्याचे रंग लावलेल्या तिघी, त्यातली एक आता नसलेली. त्या फोटोवर तिचा अंगठा थांबला. ‘हा राहू दे ना, बाबा. एकच.’ त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. तिने पुसला. मग रिकामा फोनही त्याने चिंधीत गुंडाळून ज्वारीच्या डब्यात तळाशी घातला आणि तिच्या हातात खोक्यातला नवा, बटणांचा दिला. तिने तो तळहातावर तोलला. ‘किती हलका आहे. हा घेतला की मी कुणीच नसल्यासारखं वाटतं.’

‘तेच तर पाहिजे,’ तो म्हणाला होता. आणि त्याला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

अकराच्या सुमाराला इद्रीस आला. ट्रकवाला. आठवड्यापूर्वी इथूनच फोन घेऊन गेलेला. दारातल्या उजेडात उभा असल्यामुळे आधी चेहरा दिसला नाही. पुढे आला तेव्हा दिसलं, डावा कान वांग्यासारखा सुजला होता, आणि तो बोलताना तोंड एका बाजूनेच उघडत होता.

‘हा घे परत.’ त्याने फोन काचेवर ठेवला.

‘अरे काय झालं? बिघडला?’

‘फोन ठणठणीत आहे. मी बिघडलो.’ इद्रीस स्टुलावर टेकला. ‘खिदिरभाई, नाक्यावरच्यांना कळलंय. आता मोठा फोन बघतसुद्धा नाहीत. बारका दिसला की उतर खाली. “नवा दिसतोय. मोठा कुठं पुरलास? काय होतं त्यात?” मी म्हटलं, बाबांनो, मी ट्रकवाला, माझ्याकडे मोठा कधी नव्हताच. जन्मात नव्हता! त्यावर तर अजून मार.’

‘कुठल्या नाक्यावर?’

‘सेन्नारच्या वाटेवर. कालपासून. आता सगळीकडेच होईल, असली अक्कल लवकर पसरते.’

‘कुणाला… ठेवून घेतलं?’

इद्रीस उठला. खिदिर गल्ल्याकडे वळला तर त्याने हात वर केला. ‘पैसे नकोत. नुसता घे तो. माझ्या घरात नको.’

तो गेल्यावरही काचेवरचा फोन तसाच होता. नवा. चकचकीत. आठवडाभर ट्रकच्या धुळीत राहूनही बटणांवरचे आकडे पांढरेशुभ्र… आणि तेव्हा खिदिरला आठवलं – सुलाफाच्या फोनच्या पडद्यावरचा पातळ कागद त्याने काढला नव्हता. ती काढायला लागली होती तर त्यानेच म्हटलं होतं, राहू दे, ओरखडे पडतील. लेकीला द्यायची वस्तू नवीकोरी दिसावी. एवढंच. बापाला एवढंच वाटलं होतं!

त्याने सुलाफाला फोन लावला. बाईच्या यांत्रिक आवाजाने सांगितलं की हा क्रमांक सध्या लागत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच सौजन्याचा स्वर. कुणीही मेलं तरी हिचा स्वर असाच राहणार. मग बायकोचा, नफीसाचा आला, घरून.

‘पोचली का हो?’

‘एवढ्यात कशी पोचेल? वेळ आहे अजून.’

‘तुमचा आवाज असा का येतोय?’

‘जनरेटर आहे ना शेजारी,’ तो म्हणाला. खोटं किती सहज येतं. घशातच ठेवलेलं असतं, आंबट ढेकरेसारखं.

आणि मास्तर? मास्तर निघाले असतील का? ते राहतात कुठे – मशिदीमागे की कालव्यापलीकडे? इतक्या वर्षांची ओळख आणि घर माहीत नाही. ती नवी नवरी, तिच्या हातांवरची मेंदी तेवढी लख्ख आठवत होती. चेहरा नाही, नाव नाही. कांदेवाला. बँकेतला. सगळ्यांना आपणच तर सांगितलं होतं – यात काहीच राहत नाही… आणि आता ते सगळे रस्त्यांवर, बसमध्ये, ट्रकच्या टपावर, आपण दिलेली ती लहानशी चकचकीत खूण खिशात घेऊन, एकेका नाक्याजवळ सरकत होते.

दुपारी मुजम्मिलचा फोन आला. ‘उस्ता! आठवतंय का, हसला होतास? मोठा माल आलाय, नुसता बारकाच बारका. सगळीकडून मागणी आहे. तुला किती?’

‘जुने आहेत का?’

‘काय?’

‘वापरलेले. खरचटलेले, आकडे पुसलेले.’

‘ऊन लागलं का तुला? जुन्याला कोण हुंगतंय? लोकांना नवा पाहिजे.’

सांगावं का याला? पण सांगितलं की हा दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, आणि परवा नाक्यावर म्हणतील – जुना दिसतोय, मुद्दाम जुना केलायस. या खेळात पळणाऱ्याची अक्कल नेहमी एक दिवस मागे असते. ‘नंतर बोलू,’ म्हणून त्याने फोन ठेवला.

दुपारच्या जुहरच्या नमाजानंतर बतूल हाज्जा आली, काठी टेकत. तिला उद्या दिंदरला लेकीकडे जायचं होतं. तिने बटणांचा मागितला. नाही म्हणावं असं खिदिरच्या मनात आलं… पण फोनच नसलेल्या म्हातारीला काय विचारतील, तेही त्याला माहीत नव्हतं. त्याने खोकं फोडलं, फोन घेऊन बाहेर आला आणि दुकानाच्या दगडी पायरीवर बसून तो पायरीवर खसाखसा घासायला लागला.

‘अरे, अरे! खराब करतोस की!’

‘खराब नाही हाज्जा, जुना करतोय.’

‘मला जुनं व्हायला सत्तर वर्षं लागली आणि तू पायरीवर उरकतोस!’ ती हसली. बोळक्या तोंडाने, मनापासून. मग त्याच्या हातांकडे बघत हसायची थांबली. ‘काय झालंय बाळा?’

‘विचारलं तर सांग, नवऱ्याचा होता. दहा वर्षं झाली म्हणावं.’

‘माझा नवरा वीस वर्षांपूर्वी गेला.’

‘मग मुलाचा सांग.’

तिने फोन घेतला, तोबच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसायला लागली, आणि मध्येच थांबून ती धूळ तशीच राहू दिली.

तीन वाजून गेले. बस फार तर सहा तासांत पोचते. नाके धरून आठ. त्याने गिऱ्हाईकं परत पाठवायला सुरुवात केली होती, संपले, उद्या या, आणि ती गिऱ्हाईकं त्याच्या समोरच्या चवडीकडे बघत निघून जात होती. आपण वेडे दिसतोय हे त्याला कळत होतं.

चारला अनोळखी क्रमांक वाजला. कानाला लावायच्या आधी त्याने डोळे मिटले.

‘बाबा?’

त्याने फोन कानावर घट्ट दाबला.

‘बाबा, मी. मावशीच्या फोनवरून बोलतेय. पोचले.’

‘बरी आहेस? कुणी… कुणी काही…’

‘मी बरी आहे.’ पण आवाज बरा नव्हता. सपाट होता, घासून काढल्यासारखा. ‘बाबा, तो फोन माझ्याकडे नाहीये.’

‘जाऊ दे गं! फोनचं काय एवढं?’

‘ऐका ना. शेजारी एक बाई होती. माझ्याएवढीच. नवऱ्याला निरोप द्यायचा होता तिला, तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी दिला. ती नंबर दाबत होती, लागत नव्हता. आणि नाका आला. ते आत चढले तेव्हा तो तिच्या हातात होता, बाबा. नवा आहे म्हणाले. पडद्यावर अजून कागद आहे म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मग तिला उतरवलं आणि बस…’

‘अल्हम्दुलिल्लाह,’ खिदिर म्हणाला.

अल्लाचे आभार मानणारा तो शब्द बाहेर पडल्यावर त्याला ऐकू आला. मोठ्याने, भरल्या गळ्याने, शुक्रवारी मशिदीतून बाहेर पडताना म्हणावा तसा. पलीकडे एकदम काहीच नव्हतं. श्वासही नाही.

‘सुलाफा?’

खरखर झाली, आणि संपर्क तुटला. का तुटला? आपोआप, की तिने… नेटवर्क असंच जातं हल्ली, रोज जातं, बोलता बोलता जातं. तिने ऐकलंच नसेल. ऐकलं असेल तरी तिला वाटलं असेल, बाप आपल्या सुखरूप पोचण्याबद्दल म्हणतोय. आणि तसंच तर होतं! दुसरं काय होतं? तो स्वतःला समजावत राहिला आणि त्याचवेळी छातीत ती गोष्ट होतीच, गरम, गोड, लाज नसलेली. अजूनही विरघळत होती. एका अनोळखी बाईला उतरवलं होतं आणि त्याला आनंद झाला होता. इतका निखळ आनंद त्याला वर्षभरात कशाचाच झाला नव्हता. ती कुणाची होती? आता या क्षणी ती कुठे उभी होती, उन्हात की भिंतीच्या आत, आणि काय सांगत होती – की हा माझा नाही? असं सांगणाऱ्याला ते काय करतात, हे इद्रीसच्या कानाने सकाळीच सांगितलं होतं.

नफीसाला कळवायला हवं होतं. पोचली म्हणून. एवढं एकच वाक्य. बाहेर असरची अजान सुरू झाली, शेजारचा कॉफीवाला चटई काढून ‘चल’ म्हणाला, आणि खिदिरने मान हलवली, पण उठला नाही. तो हातातल्या फोनकडे बघत होता. पोरगी पुन्हा लावेल. नक्की लावेल. आणि त्याला जाणवलं, आयुष्यात पहिल्यांदाच, की तिचा फोन यावा असं त्याला वाटत नाहीये.