फरहतची पुटपुट

शिक्रापूरच्या त्या हॉस्पिटलात रजिया सिस्टरच्या हाताचं मोठं नाव होतं. ज्या म्हाताऱ्यांची नस भल्याभल्यांना सापडत नाही, त्यांच्या हातात ती एका टोचण्यात सुई बसवायची, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. अकरा वर्षं आयसीयूत काढल्यावर तिला पुण्यात अतिदक्षतेच्या सहा महिन्यांच्या कोर्सला जागा मिळाली होती. परत आली की युनिटची इन्चार्ज. मेट्रन सविताबाईंची अट एकच होती.

"तू नसताना सकाळची पाळी कोण सांभाळणार, त्या नावापुढं तुझी सही पाहिजे. पंधरा तारखेपर्यंत. नाहीतर जागा दुसरीला द्यावी लागेल."

नाव फरहतचंच होतं, दुसरं होतं कोण? पाबळची ही पोरगी कामाला प्रामाणिक, वाचलेलं सगळं तोंडपाठ. पण मशीनचा अलार्म वाजला की तिची बोटं थरथरायची आणि तोंड सुरू व्हायचं. "आता ऑक्सिजन वाढवते हां... आता नळी सोडवते हां... आता जरा ठसका लागंल..." शाळेत पाढे म्हणावेत तसं. रजियाचं डोकं उठायचं.

"फरहत, तोंड बंद, हात चालू. पुटपुटणारी इन्चार्ज कुणी बघितलीय का?"

"काय करू आपा, बोलले न्हाई तर चुकंल असं वाटतं."

फरहत अडखळली की रजिया तिला बाजूला सारून स्वतःच काम उरकायची. दोन वर्षं हेच चाललेलं. मग पोरगी शिकणार कुठून? सविताबाईंनी हे तोंडावर सांगितलं तेव्हा रजियाला चांगलंच लागलं. त्याच दिवशी तिनं चार नंबरचा पेशंट पूर्णपणे फरहतकडे दिला.

चार नंबरवर वडगाव रासाईचे भिमाजी आबा होते. घरात जमिनीवर निजले असताना मण्यार चावली. विषानं अंग लुळं पडलेलं, पापणीसुद्धा उचलत नव्हती, श्वास मशीनवर. पहिले दोन दिवस रजियानंच त्यांचं सगळं केलं होतं. त्यांची बायको सोजराबाई बाहेरच्या बाकावरून हलायला तयार नव्हती.

दहा तारखेला सकाळी आबांचा अलार्म वाजला. नळीत कफ अडकला होता, ऑक्सिजनचा आकडा भराभर खाली येऊ लागला. फरहतनं मागं वळून बघितलं. रजियानं हातमोजे चढवले होते, पण दोन्ही हात तिनं पाठीमागं धरले.

"तुझा पेशंट हाय. मी इथंच हाय."

फरहत वळली. "आबा, मी फरहत. घाबरू नका. मशीन काढून हातानं फुगा दाबून श्वास देते... आता बारीक नळी आत घालते, छातीत कळ येईल. दहा मोजायच्या आत बाहेर काढते." पहिल्या खेपेला काहीच निघालं नाही. आकडा आणखी खाली गेला. रजियानं मनातल्या मनात त्या पोरीला दहा वेळा बाजूला सारलं, पण पाय जागचे हलू दिले नाहीत. "आबा, परत श्वास देते. आता आन् एकदा घालते हां, येतोय भाईर, येतोय..." आणि कफाचा घट्ट गोळा निघाला. आकडा हळूहळू चढला.

नंतर फरहत स्टुलावर बसून ढसाढसा रडली. रजियानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हात चांगला चालला. पुटपुट तेवढी सोड." तिला अगदी मनापासून कौतुक वाटत होतं. तरी कागद सहीविना खिशातच राहिला. अशा पोरीच्या जिवावर आठ खाटा सोडून जायचं, ही धास्ती काही जाईना.

पंधरा तारीख उजाडली. आबांचे डोळे आदल्या दिवशीच उघडले होते, सकाळी नळीही निघाली. रजिया कौतुकानं त्यांच्याजवळ गेली.

"आबा, कसं वाटतंय?"

आबांनी तिच्याकडं परक्यासारखं बघितलं. आवाज बसलेला होता. "बरं हाय. तुमाला वळखलं न्हाई, बाई. ती कुठं हाय, सांगून करणारी?"

"फरहत?"

"व्हय, फरहत. डोळं मिटल्यालं, पर ऐकू समदं येत व्हतं. पैल्यांदा कुनाचा तरी हात यायचा, काय करायचं ते करायचा आन् जायचा. लई चांगला हात, दुखायचं न्हाई. पर बोलायचं कुनी न्हाई. मला वाटलं, मी मेलोय, आन् ही माती करायची तयारी चाललीय." आबांनी दम घेतला. "मग ती पोरगी बोलाया लागली. तवा कळलं, जित्ता हाय."

पेशंटला ऐकू येतं, हे दर नव्या बॅचला शिकवणारी तीच. तो चांगला हात तिचा होता. आपण या माणसाला दोन दिवस मेल्यासारखं ठेवलं, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं खिशातला कागद काढला आणि आबांच्या खाटेच्या टेबलावरच सही केली.

फरहत लगबगीनं आली. आपाचे डोळे बघून घाबरली. "आपा, काय चुकलं का माझं?"

"न्हाई गं." रजियानं तिला जवळ ओढलं. "सहा महिन्यांनी मी परत येईन, तवा हे युनिट मला गप्प दिसलं, तर बघ."