एक तारखेचा चमत्कार

बाबांनी गच्चीवरची एरियल उतरवली त्या दिवशी तीस तारीख होती. मी सुट्टी काढून त्यांना भेटायला आले होते. वर पोचले तेव्हा अर्धी इमारत कठड्याला रेलून उभी होती. बाबा स्टुलावर चढून तार सोडवत होते आणि स्टूल कोणीच धरलं नव्हतं.

मधोमध इमारतीतल्या लहरी शुद्ध करून द्यायला बोलावलेले लहरीकाका होते. हातात तांब्याची तबकडी धरून ते स्वतःभोवती सावकाश फिरत होते.

"इथेच दाब आहे," ते म्हणाले. "लहरी वरून चांगल्या येतात, पण या तारेत गुंततात. तुमच्या घरी काय पोचतं? चोथा."

"चोथाच येतो हो," दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या. "बावीस-तेवीस तारीख उलटली की मुलांना पडद्यावर माझं अर्धंच तोंड दिसतं. तिघांनी शिकवणी सोडली."

"आणि आमच्या रेडिओआजोबांचं नेट महिनाभर पळतं," सेक्रेटरी म्हणाले. "प्लॅन तोच, कंपनी तीच. हे कसं काय, आजोबा?"

बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. निवृत्तीनंतरचा छंद म्हणजे ही एरियल आणि तिच्यावर ऐकू येणारी दूरदेशीची स्टेशनं.

"मलाही तेच कोडं पडलंय," ते स्टुलावरूनच म्हणाले. "पण ही तार फक्त ऐकते. ती कोणाच्या वाट्याचं खात नाही."

"मग काढायला हरकत नसावी," लहरीकाका गोड आवाजात म्हणाले.

"काढतो. प्रयोग म्हणून. फरक पडला नाही तर परत लावीन."

सगळ्यांच्या राउटरवर तबकडी चिकटवून आणि रात्रभर राउटर बंद ठेवायला सांगून काका गेले. मी तारेचं भेंडोळं घेऊन बाबांबरोबर खोलीत आले. त्यांना दम लागला होता. चहा टाकता टाकता त्यांनी विचारलं, "तू त्याच कंपनीत आहेस म्हणून विचारतो. त्या अनलिमिटेडला आतून कुठे मर्यादा आहे का गं? माझा वापर जेमतेम, माझं चालतं. त्यांचा भरपूर, त्यांचं महिनाअखेर अडतं. मला तरी दुसरं कारण सुचत नाही."

मी तक्रार विभागात आहे. फोनवरची मुलं ग्राहकांना जी उत्तरं वाचून दाखवतात, ती मी लिहिते. त्या लेखनाचा पहिला नियम असा की 'मर्यादा' हा शब्द वापरायचा नाही.

"बाबा, अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड," मी म्हणाले. "इमारतीचं वायरिंग जुनं असेल."

मला कोणी दरडावलं नव्हतं, नोकरी जायची भीतीही नव्हती. इतक्या वेळा लिहिलेलं वाक्य होतं की ते आपोआप बाहेर पडलं. बाबांनी मान डोलावली. यंत्र ज्याने उघडून पाहिलंय त्याच्याशी ते कधी वाद घालत नसत.

एक तारखेला सगळ्या इमारतीचं नेट सुसाट सुटलं. जिन्यात कोणीतरी बाबांना म्हणालं, "आजोबा, हे आधीच केलं असतंत तर?" संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माझंच चुकत होतं म्हणायचं," ते म्हणाले. "त्या बाईंच्या पोरांचं उगाच नुकसान झालं." मी घाईत होते. असं काही नसतं बाबा, इतकंच म्हणून फोन ठेवला.

तीन तारखेला सकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. स्टुलाचा आणि जिन्याचा याच्याशी संबंध जोडता येणार नाही. मीही जोडत नाही. एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं, हा हिशेब लहरीकाकांचा. पण जाताना ते स्वतःला दोषी समजत होते, आणि त्याचं कारण शोधायला मला कुठे जावं लागत नव्हतं.

तेवीस तारखेला नेट पुन्हा रांगू लागलं. मी बाबांची खोली आवरत होते तेव्हा सेक्रेटरी आणि शिकवणीच्या बाई आल्या.

"वाईट वाटून घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाले, "पण लहरीकाका म्हणतात, या रेडिओंमध्ये त्या दाबाचा अंश राहिलाय. हे सामान लवकर हलवलंत तर बरं."

बाई जमिनीकडे बघत होत्या.

"रविवारी सगळे इथेच या," मी म्हणाले. "काकांनाही आणा. त्यांची सगळ्यात जालीम तबकडी घेऊन."

रविवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. चहूकडे उघडे रेडिओ, गुंडाळलेल्या तारा, कॉइलची खोकी. मी बाबांचं नेट लावून दाखवलं. ते पळत होतं.

लहरीकाकांनी डोळे मिटले. "आजोबांची पुण्याई आहे ही. अजून खोलीत भरून राहिलीय."

"मागच्या महिन्यात इथे दाब होता," मी म्हणाले.

"दाबाची पुण्याई झाली. होतं तसं."

"मग ती आज दुपारपर्यंत संपेल."

मी कागदावर एक आकडा लिहिला, घडी घालून बाईंच्या हातात दिला आणि कंपनीच्या पानावर बाबांच्या खात्याचा वापर उघडून ठेवला. शुक्रवारपासून मी मुद्दाम मोठमोठ्या फायली उतरवून तो एकशे साठ जीबीवर आणला होता, हेही सांगून टाकलं. मग म्हटलं, "आता वापरा. काय हवं ते बघा."

फुकट म्हटल्यावर आग्रह करावा लागला नाही. चौदा फोन आणि लॅपटॉप लागले. सिनेमे, सामने, कोणाच्या तरी लग्नाची पूर्ण फिल्म. काकांनी आपण होऊन राउटरवर तबकडी चिकटवली. तीनच्या सुमाराला सगळ्या पडद्यांवरची चित्रं एकदम थबकली. नवरीचं अर्धंच तोंड दिसत राहिलं.

बाईंनी कागद उघडला. दोनशे. पडद्यावरही वापर दोनशे.

"गर्दीने लहरी गढूळ झाल्या," काका म्हणाले.

"मग शुद्ध करा. आत्ता, सगळ्यांसमोर."

"आज योग नाही."

"तो एक तारखेलाच असतो का?"

मागून कोणीतरी हसलं. काकांनी तबकडी उचकटून पिशवीत टाकली आणि चपला शोधायला लागले.

मी करारपत्राचं सतरावं पान सगळ्यांपुढे धरलं. बारीक अक्षरांत 'योग्य वापर' असं एक कलम आहे. दोनशेनंतर वेग पार खाली आणतात आणि महिना भरला की आकडा पुन्हा शून्यावर. या इमारतीने जोडण्या एकाच दिवशी, एक तारखेला घेतल्या, म्हणून सगळ्यांचं साधारण एकदमच अडतं आणि एकदमच सुटतं. लहरीकाका फक्त आदल्या दिवशी येतात.

"जे होणारच आहे त्याच्या आदल्या दिवशी येणाऱ्याला आपण चमत्कारी म्हटलं," मी म्हणाले. "पुढे कोणी असा भेटला तर त्याला मधल्याच एखाद्या तारखेला करून दाखवायला सांगा. आणि माणसावर ठपका ठेवण्याआधी मोजून बघा. बाबा तेच करत होते."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तुमच्या कंपनीने आम्हाला चांगलंच फसवलं म्हणायचं. पण तुम्ही शोधून काढलंत. आजोबा असते तर..."

"तुमच्या लक्षात कधी आलं हे?" बाईंनी विचारलं.

त्यांच्या आवाजात आदर होता. याच महिन्यात, असं म्हणता आलं असतं, आणि कोणाला शंकाही आली नसती.

"पाच वर्षं माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही तक्रार केलीत तेव्हा जे उत्तर मिळालं, ते मीच लिहिलेलं आहे. एरियल उतरवली त्या दिवशी बाबांनी मला इथे बसून सरळ विचारलं होतं, मर्यादा आहे का. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी त्यांच्याशी खोटं बोलले."