विंचवाला टाळ्या नकोत

माझा नवरा लोकांच्या शिव्या खातो, त्यावर आमचं घर चालतं. हसू नका, खरं सांगतेय. शोच्या कुस्तीत तो खलनायक आहे. नाव ‘विंचू’. समोरच्याच्या डोळ्यांत पावडर फेकायची, पाठमोऱ्या माणसाला खुर्ची हाणायची आणि शेवटी हरायचं, हे त्याचं काम. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, पण आपटणं खरं, सूज खरी आणि शिव्या तर शंभर नंबरी खऱ्या. घरी म्हणाल तर गरीब गाय. झुरळ दिसलं की मला हाक मारतो.

सगळ्या पैलवानांचे कपडे मी शिवते. हॉलमध्ये मला ‘शिंपीणबाई’ म्हणून सगळे ओळखतात, विंचवाची बायको म्हणून कुणीच नाही. शोच्या मालकाला तेवढं ठाऊक. धंद्याचा नियमच आहे तो, खलनायकाला घरदार नसतं. सोळा वर्षं झाली, शोला जाता-येता आम्ही एका बसमध्ये चढलेलो नाही.

पण अलीकडे धंद्याला कसली कीड लागलीय कोण जाणे! मागच्या तीन रांगांच्या खुर्च्या तर आता उघडतसुद्धा नाहीत. जे येतात ते दीडशहाणे. निकालाचा अंदाज फोनवर वाचून येणार, हाताची घडी घालून बसणार, आणि विंचवानं खुर्ची हाणली की चिडायचं सोडून टाळ्या वाजवणार. “काय काम करतो राव!” अरे, काम कसलं काम? तुम्ही चिडायचं असतं!

आणि मावशी! पहिल्या रांगेतल्या टपालवाल्या मावशी. तीस वर्षं घरोघर पत्रं वाटली, आता निवृत्त आहेत, एक शो चुकवत नाहीत. पूर्वी एकदा त्यांनी छत्री उगारून विंचवाला अर्धा हॉल पळवलं होतं. लोक मिळालेलं पदक दाखवतात ना, तसा हा त्या छत्रीची गोष्ट सांगतो. त्याच मावशी गेल्या महिन्यात त्याला म्हणाल्या, “बाळा, गुडघा जपून हं.” त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही.

मग मालकानं बोलावून घेतलं. “तुझ्यावर कुणी चिडतच नाही. शनिवारी पुन्हा टाळ्या पडल्या, तर पुढच्या महिन्यापासून मध्यंतरात कोंबडी होऊन नाचायचं. पोरं हसतील तरी.” आणि माझ्याकडे पिवळं केसाळ कापड पाठवलं. चांगलं चार मीटर!

मी टेप घेऊन गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात मटार सोलत होता. उठला आणि माप द्यायला दोन्ही हात वर केले. मला रडूच फुटलं, आणि मग असा संताप आला म्हणून सांगू!

“खबरदार कोंबडी झालास तर!” मी टेप फेकला. “शनिवारी असं काहीतरी कर की मावशींची छत्री उठली पाहिजे.”

“काय करू? सगळं करून झालंय गं,” तो म्हणाला आणि परत मटार सोलायला बसला.

शनिवारी दुपारी शो. समोर होता हिरा, लोकांचा लाडका पैलवान. त्याच्यासाठी मी नवा पांढरा झगा शिवला होता. चार हजार चंदेरी मणी, एकोणीस दिवसांचं काम. शेवटी शेवटी मला सुईचं नाक दिसेना, तेव्हा विंचूच दोरे ओवून द्यायचा. हिरा झगा घालून आला, एक गिरकी घेतली, आणि झगा सांभाळायला माझ्या मांडीवर ठेवून रिंगमध्ये चढला. मी पहिल्या रांगेत, शेजारी मावशी. त्या मण्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, “सोन्याचे हात आहेत गं तुझे.”

बेल झाली. विंचवानं पावडर फेकली. टाळ्या! खुर्ची हाणली. आणखी टाळ्या, वर शिट्टी! मावशींनी तर अंगठा वर केला. दाराशी मालक हाताची घडी घालून उभा. मेली ती कोंबडी आता चुकत नाही!

विंचू दोरांना धरून धापा टाकत उभा होता. त्याची नजर माझ्या मांडीवर आली. मला कळलंच. मी मान हलवली. नाही हं, अजिबात नाही!

तो कठडा ओलांडून आला, झगा ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर टर्रकन उभा फाडला.

मणी फरशीवर सैरावैरा पळाले. आणि खरं सांगते, मी शो विसरले, मालक विसरले, कोंबडीसुद्धा विसरले. “अरे मेल्या! एकोणीस दिवस! डोळे फुटले रे माझे!” म्हणून मी तिथेच हंबरडा फोडला. नाटक? कसलं नाटक! आख्खा हॉल चिडीचूप झाला.

आणि हा? हा हसला. बुटाखाली मणी चिरडत म्हणाला, “नवा शिव की! दुसरं काय काम आहे तुला?”

बाप रे बाप! काय ओरडले लोक! फोन खिशात गेले, हाताच्या घड्या सुटल्या. शहाण्यांतला सगळ्यात शहाणा, जाड चष्मेवाला, खुर्चीवर चढून “हाकला त्या नालायकाला!” म्हणून किंचाळत होता. कुणाचा तरी बूट उडत आला. आणि माझ्या शेजारी छत्री उठली!

मावशींनी पहिला तडाखा खांद्यावर दिला, दुसरा टाळक्यात. “बाईच्या कष्टाला लाथ मारतोस? थांब, दाखवते तुला!” विंचू पळाला, मावशी मागे. हॉलला दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला तो माझ्याजवळून गेला तेव्हा त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. आमच्या लग्नातही तो इतका खूश नव्हता.

मालक माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “ते पिवळं कापड दुकानात परत कर.” मी नाक पुसत होते. मनात त्याला शिव्या घालत होते, आणि आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन्ही एकदम!

शो संपल्यावर मावशी मला एकटीला सोडायलाच तयार होईनात. बसथांब्यापर्यंत हात धरून आल्या. लोकांनी गुडघ्यांवर बसून वेचलेले मणी त्यांनी आपल्या रुमालात बांधून आणले होते. ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. छत्रीची एक काडी वाकली होती आणि त्यांची धाप अजून ओसरली नव्हती.

“रडू नकोस गं पोरी,” त्या म्हणाल्या. “मला तर त्याच्या बायकोची कीव येते. कशी राहत असेल गं बिचारी असल्या माणसाबरोबर? काही बोलत नसेल का ती त्याला?”

बस आली. मी पुरचुंडी पदराखाली घट्ट धरली.

“आज बोलेल, मावशी,” मी म्हटलं.