हसतमुख, छान चाललंय

डॉक स्टिडमच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं विम्याची बिलं करतेय, आणि एकवीस वर्षं त्यांच्या एका सवयीशी भांडतेय. पेशंट तपासला की ते टिपण लिहितात आणि पहिली ओळ ठरलेली: 'हसतमुख. छान चाललंय.' माणूस अर्धमेला होऊन आला असला तरी हेच. पेशंटला आपलं टिपण फोनवर वाचता यायला लागल्यापासून तर विचारूच नका. म्हणे, बिचारे घरी जाऊन वाचतात, एक तरी गोष्ट चांगली वाचू देत. अहो, पण विमा कंपनीही वाचते ना! हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मिस व्हर्ना कॉडिल त्यातलं अक्षरन् अक्षर वाचायच्या. आमच्या खोऱ्यातली शाळेची बस त्यांनी तीस वर्षं चालवली, म्हणून लग्न झालेलं असूनही सगळ्यांच्या तोंडी त्या 'मिस'च. पहिलीत असताना मी बसमध्ये ओकले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कोटाच्या बाहीने माझं तोंड पुसलं होतं आणि एकाही पोराला हसू दिलं नव्हतं. अशी बाई. साठी उलटल्यावर त्यांना नसांचा आजार जडला. हातापायातली ताकद गळत जाते त्यात. दर तीन आठवड्यांनी आमच्या मागच्या खोलीत चार तास बसून त्या शिरेतून औषध घ्यायच्या. ते मिळालं की बाई ठणठणीत, इतकी की पुढच्या खेपेला स्वतः भाजलेला मक्याचा पाव घेऊन यायच्या. औषध मात्र भलतंच महाग. दवाखान्याने आधी स्वतःच्या नावावर उधार आणायचं आणि मग कंपनीकडे भरपाई मागायची, अशी रीत.

मार्चमध्ये पत्र आलं. भरपाई नामंजूर. डॉक्टरांच्याच टिपणानुसार रुग्ण हसतमुख असून छान चाललं आहे, सबब औषधाची गरज दिसत नाही. मी कपाळावर हात मारला. छत्री धरलीय म्हणून माणूस कोरडा आहे, तर हे म्हणतात, भिजलेला नाही ना, मग छत्री काढून घ्या! मागच्या तीन खेपांची भरपाईही अडकली आणि औषधवाल्याने पुढचा माल पाठवायला नकार दिला. मिस व्हर्नांची खुर्ची रिकामी राहिली.

मी फोन करकरून थकले. शेवटी डॉकचं कंपनीच्या डॉक्टरशी बोलणं झालं. तो कातडीच्या रोगांचा निघाला, उंटावरून शेळ्या हाकणारा. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, नवं टिपण पाठवा, हाल असतील तर हाल लिहा.

तोवर औषधाविना नऊ आठवडे गेले होते. नवऱ्याने, डेल्मरने, त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. तपासणी चालू असताना तो बाहेर माझ्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला की तिला उचलताना छातीत कळ येते, हृदयाच्या डॉक्टरने वजन उचलायला बंदी केलीय, पण तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. मी मान डोलावली.

ते दोघं गेल्यावर डॉकच्या खोलीत डोकावले, तर पडद्यावर पुन्हा 'हसतमुख'. माझं टाळकंच फिरलं.

"डॉक, तुमची ही ओळ त्यांचा जीव घेणार आहे."

त्यांनी ती खोडली. मग एकेक शब्द दाताखाली खडा आल्यासारखा लिहिला: ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत. चमचा धरवत नाही. मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही, घरात त्यांचं कोण करतं तेही लिहा. ते म्हणाले, मला नाही जमणार, तूच लिही, आणि हात धुवायला उठले. मग मी लिहिलं: 'रुग्ण सर्वस्वी पतीवर अवलंबून. पतीस हृदयविकार, वजन उचलण्यास मनाई. हा भार त्यास फार काळ झेपणार नाही.' डॉकनी न वाचताच सही केली. कंपनीला हरवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते टिपण आणखी कोण वाचणार आहे, ते मलाच आठवलं नाही. दुसऱ्याला एकवीस वर्षं शिकवलं आणि स्वतः शेण खाल्लं.

अकरा दिवसांनी मंजुरी आली. मी नाचतच फोन लावला. डेल्मरने उचलला.

"ती इथं नाही, ग्लेना. आठवडा झाला. स्वतः सही करून आजारी म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेली. मला विचारलंसुद्धा नाही."

तिथला खर्च सरकारने उचलावा म्हणून मिस व्हर्नांनी विमा बदलायचा अर्जही दिला होता. महिनाअखेरीला जुना विमा संपणार आणि त्याबरोबर माझी मंजुरीही. चार दिवस हातात होते. मी पत्र पर्समध्ये घातलं आणि गाडी काढली.

मिस व्हर्ना खिडकीपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर तसेच पडलेले. मी एका दमात सगळं सांगितलं: आज घरी चला, तो अर्ज मागे घेऊ, सोमवारी औषध सुरू करू, दोन महिन्यांत तुमचं तुम्ही सगळं कराल, डेल्मरला बोटही लावावं लागणार नाही.

"मंजुरी किती दिवसांची आहे, पोरी?"

"सहा महिन्यांची."

"म्हणजे सहा महिन्यांत मी बरी होणार. मग डॉकने काय लिहायचं?"

मी पर्समधलं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं.

"छान चाललंय लिहिलं की औषध बंद. मग डेल्मर मला पुन्हा उचलणार." त्या जराशा हसल्या. "मी आता खायला काळ नि भुईला भार. निदान त्याच्या छातीवर तरी नको. मला माहीतच नव्हतं गं. डॉकने लिहिलं म्हणून कळलं. ते आयुष्यात कुणाबद्दल वाईट लिहीत नाहीत. त्यांनीच लिहिलं, म्हणजे बघ."

"ते डॉकनी नाही लिहिलं," मी म्हटलं. "ती ओळ माझी आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बसच्या आरशातून मागच्या पोरांकडे बघायच्या, तशाच.

"खोटी आहे का?"

मला लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त राग येत होता. कुणावर, ते कळत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, गार वाटतंय, स्वेटरची बटणं लावून दे. मी खाली बसून एकेक बटण लावलं. त्यांनी हनुवटी वर धरली होती.

महिनाअखेर उलटली, त्या आश्रमातच राहिल्या. मंजुरीचं पत्र मी फाइलला लावलं, ते लावावंच लागतं.

काल डॉकनी विचारलं, आश्रमात गेली होतीस ना, कशा आहेत मिस व्हर्ना?

"हसतमुख," मी म्हटलं. "छान चाललंय."

त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.