बॉनेटवरची निळी पट्टी

माझ्या नवऱ्याला पुरायला न्यायच्या दिवशी माझे दोन्ही मुलगे त्याच्याजवळ नव्हते. ते गाडी पुसत होते.

गाडी म्हणजे गावातल्या मयतांची सोय करणाऱ्या लिंडग्रेनची काळी शववाहिका. आमच्या गावात मेलेला प्रत्येक माणूस तिच्यातूनच जातो, आणि ती दर शुक्रवारी आमच्या टेटम वॉशिंग सेंटरला यायची. माझा नवरा ऑर्व्हिल ती स्वतः धुवायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. आधी धो धो पाणी, मग फेस, मग पुन्हा धो धो पाणी. पुढे दुष्काळ पडला, आमची बोअर आटली, आणि जन्मभर पाण्यात उभा राहिलेला माणूस कोरड्या नळासमोर खुर्ची टाकून बसायला लागला.

तिथून पोरांचं सुरू झालं. थोरला ड्वाइट बादली घेऊन आला. बादलीभर पाण्यात झाकणभर औषध टाकायचं, त्यात फडकं बुडवून गाडीवरून फिरवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. वरून पाणी ओतायला नको. धाकटा रॉयस म्हणाला, बादली तरी कशाला? त्याच्याकडे नुसती बाटली. फवारा मारा, पुसा, झालं. एवढाच काय तो फरक, आणि एवढ्यावरून दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. लोकांची पोरं जमिनीवरून भांडतात, आईच्या दागिन्यांवरून भांडतात. माझी बादलीवरून भांडली. चारचौघांत सांगायची सोय नाही. कोणतं सामान ठेवायचं ते ठरेना, म्हणून सेंटरचं टाळंही उघडेना.

ऑर्व्हिलला विचारलं तर म्हणायचा, "पाण्याशिवाय धुण्याला धुणं नाही, सारवासारव म्हणतात."

धुळीशी मात्र त्याचं वैर नव्हतं. आमची ओळखच धुळीतून झाली. शाळेच्या फुटबॉल सामन्याला त्याचा ट्रक इतका माखून उभा होता की मी बोटानं त्याच्या दारावर लिहिलं, 'मला धुवा'. धुळीच्या गाडीवर बोट फिरवलं की बारीक खडे रंगात घासले जातात आणि ओरखडा राहतो. गाडीवर जीव असणाऱ्या माणसांत यापेक्षा मोठं पाप नाही. ऑर्व्हिल ते अक्षर कोणाचं हे गावभर विचारत माझ्या दारापर्यंत आला. मग त्यानं सगळा ट्रक धुतला, तेवढं दार सोडून.

असा माणूस गेला, तेव्हा मला एकच हवं होतं. पेटीच्या पुढच्या दोन कड्या दोन मुलांनी धराव्यात. जिवंतपणी बापाला एकत्र सांभाळलं नाहीत, निदान मेल्यावर तरी एकत्र उचला.

सकाळी लिंडग्रेनच्या अंगणात गेले तर शववाहिकेच्या बॉनेटपासून टपावरून मागच्या काचेपर्यंत निळी चिकटपट्टी ओढलेली. डावं अंग ड्वाइटचं, उजवं रॉयसचं. गाड्या चमकवणाऱ्या लोकांची ही रीतच आहे. दोन औषधांची परीक्षा घ्यायची तर गाडीचे असे दोन भाग करतात. पण बापाच्या मयताची गाडी त्यासाठी घ्यावी, हे माझ्याच दिवट्यांना सुचायचं होतं!

"आई, उन्हात उभी राहा आणि खरं सांग," रॉयस म्हणाला. "कोणती बाजू जास्त चमकते?"

"तुझा बाप आत पेटीत पडलाय."

"म्हणूनच ना! बाबांसमोर निकाल लागू दे."

"आई, त्याला सांग," ड्वाइट टॉर्च पाजळत म्हणाला, "स्वतःच्या बाजूवरचे ओरखडे मोज म्हणावं. कोळ्यानं जाळं विणलंय नुसतं."

"आई, त्याला सांग, बादलीत तोंड बघ म्हणावं. तेवढाच उपयोग तिचा."

मी तरी काय काय सांगणार? तेवढ्यात माझी नणंद अर्लीन मयताच्या घरी देतात ते भाजलेल्या बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली. मला मिठी मारायच्या आधी तिनं गाडीला एक चक्कर मारली.

"डावी बाजू जरा जास्त काळी आहे गं, व्हर्ना," ती माझ्या कानात म्हणाली.

मग सगळेच आले. चर्चमधली माणसं, शेजारी, ऑर्व्हिलची जुनी गिऱ्हाइकं. डोळ्याला रुमाल लावायच्या ऐवजी गुडघे वाकवून दरवाजात आपापलं प्रतिबिंब बघायला लागले. एकानं तर कंगवा काढला. पोरांनी पाद्रीबाबांनाही विचारल्याशिवाय सोडलं नाही.

"देवाच्या नजरेत दोन्ही बाजू सारख्याच," ते सुटका करून घेत म्हणाले.

"देव टॉर्च लावून बघत नाही ना!" ड्वाइट म्हणाला.

शेवटी लिंडग्रेननं घड्याळ दाखवलं. "व्हर्नाबाई, निघायला हवं."

पेटी आत सरकवायचं काम लिंडग्रेनच्या माणसांनी केलं. माझे चिरंजीव चाकं पुसत होते.

दफनभूमीचा रस्ता बदामाच्या बागांमधून जातो, आणि बदाम उतरवायचे दिवस होते. यंत्रं झाडं गदागदा हलवत होती, दुसरी यंत्रं खाली पडलेले बदाम झाडत होती, आणि सगळ्या रस्त्यावर तपकिरी धूळ तरंगत होती. गाड्यांना भर सकाळी दिवे लावावे लागले. आम्ही पोचलो तेव्हा शववाहिका चॉकलेटी झाली होती. डावं कुठलं, उजवं कुठलं, त्या पट्टीलाही कळलं नसतं. मला हसू आलं. विधवेनं हसू नये म्हणतात, पण मला आलं.

मागचं दार उघडून लिंडग्रेन उभा राहिला. पेटी उचलणारे सहा, त्यांतले चार जागेवर. पुढच्या दोन कड्या मोकळ्या. माझे दोघं बॉनेटपाशी, एकाच्या हातात बादली, एकाच्या हातात बाटली.

"एवढ्या धुळीवर फवारा मारून पुसलंस तर रंग सोलून निघेल, गाढवा!" ड्वाइट ओरडला.

"आणि तुझ्या बादलीचा पहिल्याच फडक्यात चिखल होईल, तो फासणार का?"

वर्षभरानंतर ते पहिल्यांदा एकमेकांशी सरळ बोलत होते, आणि बोलणं हे! बाप मागे तसाच पडलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी पुढे झाले. आधी ती निळी पट्टी टराटरा ओढून काढली. मग बॉनेटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोट चांगलं दाबून, मोठ्या अक्षरात लिहिलं: मला धुवा.

"आई! बोट नको लावूस!" दोघं एकदम किंचाळले.

एवढं एकमत त्यांचं लहानपणीही कधी झालं नव्हतं.

"ज्याचं औषध खरं त्यानं हे पुसून दाखवा," मी म्हणाले. "पण आधी बापाला बाहेर काढा. उन्हात शिजतोय तो."

दोघं मान खाली घालून मागे गेले. रॉयसचे हात फवाऱ्यानं ओले होते, कडी निसटायला लागली. ड्वाइटनं खिशातलं आपलं कोरडं फडकं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. रॉयसनं हात पुसले. मग त्यांनी बापाला उचललं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

ती अक्षरं अजून गेलेली नाहीत. ऊन तिरपं पडलं की काळ्या रंगात स्पष्ट वाचता येतात. गावातली कितीतरी सभ्य माणसं त्यानंतर 'मला धुवा' अशी पाटी घेऊन देवाघरी गेली. बँकेच्या मॅनेजरला तर ती फारच शोभून दिसली.

दर शुक्रवारी माझे दोघं लिंडग्रेनच्या अंगणात जातात. बादलीनं पुसतात, फवाऱ्यानं पुसतात, एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढतात आणि परतताना माझ्याकडे एकत्र जेवतात. पॉलिशचं यंत्र फिरवलं तर ते ओरखडे तासाभरात निघतील, हे त्या धंद्यात वाढलेल्या दोघांनाही ठाऊक आहे. ते यंत्र आमच्याच सेंटरच्या फडताळात पडलंय. अजून दोघांपैकी कोणी ते आणलेलं नाही.