वेचणीतला विटाळ

तीन पोरींनंतरचं बाळंतपण वच्छलाच्या जिवावर बेतलं. मूलही गेलं. तेव्हा नवऱ्याला, जानरावला, सांगूनच तिनं अकोटच्या दवाखान्यात, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून, लूप बसवून घेतला. साल एकोणीसशे सहासष्ट. "सुरुवातीला अंगावरून जास्त जाईल, मग कमी होईल," नर्सबाई म्हणाली. जास्त म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही.

चार दिवसांची पाळी अर्धा अर्धा महिना चालू लागली. सासू गोदाबाई सोवळ्याची कडक. पाळीत सुनेनं ओसरीवर गोणपाटावर बसायचं. चूल, देव, पाण्याची घागर, कशालाच शिवायचं नाही. धाकटी पोर आईकडं धावली की आजी दंडाला धरून मागं ओढायची.

"काढून टाक ते," गोदाबाई रोज म्हणायची. "मले नातू पायजे."

आणि उजाडलं की तीच सुनेला कापूस वेचायला वावरात पाठवायची.

एके दिवशी वच्छलाला वावरात भोवळ आली. कशीबशी घरी आली, तर सासू शेजारी गेलेली. घागर हाताच्या अंतरावर, घसा कोरडा, आणि ती तशीच बसून राहिली. जानराव आल्यावर त्यानं वरून धार धरली. ती ओंजळीनं पाणी प्यायली, वाटसरूनं प्यावं तसं. पिता पिताच तिच्या डोक्यात संताप चढला.

दुसऱ्या दिवशी ती गोणपाटावरून उठली नाही.

"बाया वावरात गेल्या. उठ," गोदाबाई म्हणाली.

"मले विटाळ हाय, आत्याबाई."

"वावराले कशाचा विटाळ?"

"पयल्या वेचणीले तुमी कपाशीले दहीभात वाहून पाया पडल्या. देवाले शिवू नोको म्हणता, मंग तिले कशी शिवू?"

जानराव मध्ये पडला. "आई म्हणते तं काढून टाक ना."

"अन् मंग? पुन्हा बाळंतपणात मरायले मीच जाऊ? का तुमी जाता?"

तो खाली मान घालून बाहेर गेला.

कापूस बोंडांतून लोंबत होता आणि मजूर मिळत नव्हते. अखेर गोदाबाईच वेचायला गेली. गुडघे धरत परतली तेव्हा चूल थंड होती आणि पोरी भुकेनं रडत होत्या. ती उंबऱ्यातच थांबली.

"चूल पेटव," ती म्हणाली.

"अन् विटाळ?"

गोदाबाई दारातून बाजूला झाली. वच्छला आत गेली, स्वतःच्या हातानं घागरीतून पाणी घेऊन पोटभर प्यायली आणि मग भाकरीचं पीठ काढलं.

त्या हंगामात रक्त जात असताना ती वावरात गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रक्तस्राव कमी झाला, पण पहिल्यासारखा नाहीच. लूप तिनं ठेवला. गोदाबाई आपलं चुकलं असं कधीच म्हणाली नाही. पाहुणे आले की सुनेला अजूनही ओसरीवर बसायला सांगायची. वच्छला बसायची, आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला गोदाबाईला एकटीलाच जुंपून घ्यावं लागायचं.